वाळूमाशी, वन्यप्राणी आणि रोगाचे नेमके नाव

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत, बनी पार्क, जयपूर येथील शाळेच्या सभागृहात पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



जयपुरात राहून साठ वर्षे मराठीतून शिकवणे ही सोपी गोष्ट नव्हे. ती ज्यांच्यामुळे साधली त्या सर्वांचे स्मरण काल झाले, सत्कारही झाले. आजचे व्याख्यान विज्ञानावर असावे असे समितीने ठरवले आणि ते मीच द्यावे असा आग्रह धरला. माझा विषय मराठी. एम. ए. केले ते भाषेत, आणि पस्तीस-एक वर्षे शिकवले तेही व्याकरण आणि कविता. तरीही मी होकार दिला. ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचा गाभा एका अर्थाने नामाचाच आहे. एखाद्या रोगाच्या परजीवीला नेमके कोणते नाव द्यायचे, ते नाव कसे शोधायचे, आणि नाव चुकले तर त्याची किंमत कोण मोजते, हा तो विषय.

निमित्त सांगते. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातेतील साबरकांठा, अरवली या भागांत 'चांदीपुरा' नावाच्या तापाने लहान मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. उदयपूर, डुंगरपूरकडेही काळजी पसरली. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांतून ते नाव रोज छापून येत होते, पण ते आपल्या नागपूर जिल्ह्यातील एका गावाचे नाव आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. १९६५ साली त्या गावातील रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा विषाणू वेगळा केला. तो पसरवणारी म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते ती वाळूमाशी. इकडे तिला 'बालू मक्खी' म्हणतात. त्या आठवड्यात आपल्या पालकांनी मला विचारलेले प्रश्न अगदी रास्त होते. ही माशी दिसते कशी? ती आणखी काय काय पसरवते? शाळेच्या फाटकापाशी बसणारी कुत्री हटवावीत का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना मी जे वाचले, विज्ञान शिक्षकांकडून जे समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवते.

वाळूमाशी डासापेक्षा पुष्कळ लहान असते. तिची लांबी अवघी दोन ते तीन मिलिमीटर. रंग मातकट, अंगावर केस, आणि बसताना पंख मिटून न घेता वर उभे धरण्याची सवय. ती गुणगुणत नाही. उडते तीही कमी. भिंतीवरून टुणटुण उड्या मारत जाते. डासांची पिलावळ पाण्यात वाढते, हिची मात्र ओलसर मातीत, भिंतींच्या भेगांत, गोठ्यातील शेणाच्या आसपास, उंदरांच्या बिळांत. चावते ती फक्त मादी, कारण अंडी वाढवण्यासाठी तिला रक्त लागते. हे रक्त कधी माणसाचे असते, कधी गाईचे, कधी कुत्र्याचे, कधी रानातल्या एखाद्या सशाचे. सारी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

चांदीपुरा हा विषाणू आहे. वाळूमाशी वाहून नेते तो दुसरा, आणि इतिहासात अधिक माणसे मारणारा जीव म्हणजे लीशमॅनिया. हा विषाणू नव्हे, जीवाणूही नव्हे. हा एकपेशीय आदिजीव आहे. १८८५ मध्ये कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी 'दिल्ली बॉइल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या फोडातील पेशींत काही विचित्र कण पाहिले होते. १९०३ मध्ये विल्यम लीशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन या दोघांनी स्वतंत्रपणे काला आजाराच्या रुग्णांच्या प्लीहेत तसेच कण पाहिले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे जोडून त्या जीवाला 'लीशमॅनिया डोनोव्हानी' म्हटले. कलकत्त्याचे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन हे औषध शोधून असंख्य प्राण वाचवले. पण तो जीव माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडावे लागले. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना संसर्गित वाळूमाश्या चावू दिल्या आणि रोग त्याच वाटेने येतो हे दाखवून दिले.

आता अडचण पाहा. लीशमॅनियाच्या पुष्कळ प्रजाती आहेत. काही प्लीहा आणि यकृत पोखरतात, काही केवळ त्वचेवर व्रण उठवतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली ही सारी मंडळी सारखीच दिसतात. गोल ठिपका, त्यात एक मोठे केंद्रक आणि शेजारी एक छोटी आडवी रेघ. एका वर्गात एकसारखा गणवेश घातलेली चाळीस मुले पाठमोरी उभी असावीत आणि हजेरी घ्यायला सांगावे, तसे हे होते.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या राजस्थानातच आहे. बिकानेरच्या परिसरात चेहऱ्यावर आणि हातापायांवर महिनोन् महिने न भरणारे व्रण पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. १९७०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेतील संशोधकांनी इथे बारकाईने काम केले. राजस्थानात प्राण्यांशी जोडलेले या रोगाचे केंद्र असल्याचे त्यांनी १९७३ मध्ये नोंदवले. १९७५ मध्ये तर जर्बिल नावाचा वाळवंटी उंदीर, वाळूमाशी आणि माणूस अशा तिघांतूनही परजीवी वेगळा केल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्या काळाच्या मानाने हे काम थोरच होते. पण तेव्हा त्वचेच्या व्रणांचे आशियातील परजीवी एकाच 'ट्रॉपिका' या नावाखाली ठेवण्याची रीत होती. पुढे त्यांतील काहींना 'लीशमॅनिया मेजर' म्हणून स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला.

नावांच्या या भांडणाचे सामान्य माणसाला काय? पुष्कळ आहे. 'मेजर' हा मुख्यतः जर्बिलांचा परजीवी आहे. मध्य आशियाच्या वाळवंटात तो बिळांत राहतो, बिळातल्या वाळूमाशीच्या पोटातून फिरतो आणि माणसाला जाता-जाता गाठतो. तिथे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी वस्त्यांभोवतालची बिळे नांगरून टाकली, उंदरांसाठी विष पेरले आणि रोग आटोक्यात आणला. 'ट्रॉपिका'ची चाल निराळी. शहरांतून तो बहुधा माणसाकडून वाळूमाशीत आणि वाळूमाशीकडून पुन्हा माणसात जातो. तिथे बिळे नांगरून काही हाती लागणार नाही. रुग्ण लवकर शोधणे, त्याचा व्रण बरा करणे आणि घरातील माशी आवरणे हाच तिथला उपाय.

मग बिकानेरच्या रुग्णांना कोण छळत होते? याचे नेमके उत्तर २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बिकानेरच्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बुंब, डॉ. मेहता आणि दिल्लीतील आयसीएमआरच्या विकृतिशास्त्र संस्थेतील डॉ. पूनम सलोत्रा यांच्या चमूने रुग्णांच्या व्रणांतील परजीवीचा डीएनए तपासला. तो 'लीशमॅनिया ट्रॉपिका'चा निघाला.

हे तपासतात कसे, ते मी माझ्या भाषेत सांगते. पीसीआर हा शब्द करोनाने घरोघरी पोहोचवला आहे. नमुन्यातला डीएनएचा एक ठरावीक तुकडा निवडायचा आणि तो पुनःपुन्हा दुप्पट करत जायचे. एकाचे दोन, दोनाचे चार, असे तीस वेळा केले की एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. लीशमॅनियाच्या बाबतीत निसर्गाने एक सोयही करून ठेवली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ती जी छोटी आडवी रेघ, किनेटोप्लास्ट, तिच्यात डीएनएची हजारो इवली कडी एकमेकांत गुंतलेली असतात. त्यामुळे परजीवी मोजकेच असले तरी त्यांचा सुगावा लागतो.

सुगावा लागला, पण नाव कोणते? इथे शिक्षकांना सहज कळेल असा दाखला देते. मी वर्गात शुद्धलेखन घालते. मजकूर एकच, पण प्रत्येक मुलाच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतात. एकाची वेलांटी नेहमी चुकते, दुसऱ्याचा अनुस्वार गळतो. दोन वह्यांत तीच चूक त्याच जागी सापडली की कोणी कोणाची वही पाहिली हे मला कळते. डीएनएच्या प्रती पिढ्यान् पिढ्या निघताना असेच बदल साचत जातात. जी जनुके जगण्यासाठी अटळ असतात त्यांत बदल फार टिकत नाहीत. दोन जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागेत मात्र ते साचतात आणि प्रजातीगणिक वेगळे होतात. शास्त्रज्ञ नेमकी ती मधली जागा वाचतात. कधी सगळी अक्षरे वाचली जातात. कधी एखादे विकर ठरावीक अक्षरक्रमाशी तो तुकडा कापते, आणि किती लांबीचे किती तुकडे पडले यावरून प्रजाती ठरते. बिकानेरच्या तपासणीत याच पद्धतीचा उपयोग झाला होता.

हीच युक्ती वाळूमाशीवर वापरता येते. पूर्वी संशोधक एकेक माशी सुईच्या टोकाने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. रोगाच्या ऐन प्रदेशातही परजीवी असलेली माशी क्वचितच हाती येते, म्हणून शेकडो माश्या चिरूनही हात रिकामे राहत. आता पकडलेल्या माशीतून दोन प्रश्नांची उत्तरे एकदम मिळतात. हिच्या पोटात कोणता परजीवी आहे, आणि हिने शेवटचे रक्त कोणाचे प्यायले. दुसऱ्या प्रश्नासाठी सस्तन प्राण्यांमध्ये प्रजातीप्रमाणे बदलणारे एक जनुक वाचतात. गाय, कुत्रा, ससा, माणूस, जो असेल त्याची सही त्या रक्ताच्या थेंबात उरलेली असते.

याचा सर्वांत बोलका दाखला स्पेनमधला आहे. माद्रिदजवळच्या फ्वेनलाब्रादा या शहरात २००९पासून लीशमॅनियाचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. पुढच्या काही वर्षांत ते चारशेंवर गेले. त्या भागात हा परजीवी कुत्र्यांतून माणसात येतो हे पूर्वापार माहीत होते, म्हणून पहिला संशय कुत्र्यांवरच गेला. पण कुत्र्यांच्या तपासणीत एवढ्या साथीचे कारण सापडेना. वाळूमाश्यांच्या पोटातील रक्त पाहिले तेव्हा त्यात रानससे निघाले. शहराला लागूनच नवी मोठी उद्याने झाली होती, तिथे सशांची संख्या बेसुमार वाढली होती. सशांमध्ये परजीवीचा डीएनए सापडला. त्यावरही शास्त्रज्ञ थांबले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी माश्यांना त्या सशांचे रक्त पिऊ दिले आणि माश्यांना संसर्ग होतो हे पाहिले. मगच ससा दोषी ठरला.

हा शेवटचा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. एखाद्या प्राण्यात परजीवीचा डीएनए सापडला म्हणजे तो प्राणी रोग पसरवतोच असे नाही. कदाचित तोही बिचारा वाटेत सापडलेला असेल. माशीच्या पोटात डीएनए मिळाला म्हणजे ती माशी वाहक आहे असेही नाही. रक्त पचले की परजीवी त्यासोबत नष्टही होऊ शकतो. पुरावा आणि संशय यांत अंतर असते. ते अंतर चालून जाण्याचा धीर म्हणजे शास्त्र. घाई झाली की निरपराध जनावरे मारली जातात आणि रोग तसाच राहतो.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक हकीकत सांगते. वाळूमाशीशी तिचा संबंध नाही, पण विषयाशी अगदी जवळचा आहे. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा लीशमॅनियाचाच भाऊबंद. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंट यांच्या रक्तात तो पाहिला. जनावरांच्या त्या रोगाला सर्रा म्हणतात. आपल्याकडचे उंटपाळ त्याला 'तिबरसा' म्हणतात. गोमाशीसारख्या चावऱ्या माश्या तो पसरवतात. जुलै २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात याच परजीवीने डझनभर वाघ गेले. पण माणसाला तो होत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला काही महिने ताप येत-जात राहिला. त्याच्या रक्तात वळवळणारे परजीवी दिसले. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी 'होत नाही' या वाक्यापुढे मान तुकवली नाही. नमुने परदेशातील तज्ज्ञ प्रयोगशाळांकडे गेले, डीएनए तपासला गेला आणि नाव निश्चित झाले: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. माणसात या परजीवीची अशी खात्रीशीर ओळख पटल्याची ही जगातील पहिली नोंद ठरली. नाव कळले म्हणून औषध ठरवता आले. सुरामिन देण्यात आले आणि तो शेतकरी बरा झाला. पुढे त्याच्या गावातील १,८०६ लोकांची रक्ततपासणी झाली, आणि अधिक तपासण्या केलेल्यांपैकी कोणाच्याही रक्तात जिवंत परजीवी सापडला नाही. मग याच एका माणसाला तो का झाला? ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये उत्तर दिले. आपल्या रक्तात या परजीवीला विरघळवणारे एक प्रथिन असते. त्या शेतकऱ्याच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही जनुकांत बिघाड असल्याने ते प्रथिन त्याच्याकडे नव्हते. म्हणजे इथे परजीवीची ओळख जनुकांनी पटली आणि रोग्याच्या दुबळेपणाचे कारणही जनुकांतच सापडले.

आता आपल्या शाळेकडे वळते. काही वर्षांपूर्वी एका पालकांची बदली बिकानेरहून जयपूरला झाली. त्यांच्या मुलीच्या गालावर रुपयाएवढा व्रण होता. दुखत नव्हता, पण भरतही नव्हता. आठवड्याच्या आत दोन-तीन माता माझ्याकडे आल्या. त्यांच्या शब्दांत कडवटपणा नव्हता, काळजीच होती: "बाई, तिला वेगळ्या बाकावर बसवता येईल का?" मी त्यांना थांबवून घेतले, मुलीच्या वडिलांना डॉक्टरांचा कागद घेऊन बोलावले आणि त्या मातांना तो वाचून दाखवला. हा व्रण शेजारी बसल्याने, वही-पेन्सिल देण्याघेण्याने, हात धरल्याने होत नाही. मध्ये वाळूमाशी लागते. मुलगी आपल्याच बाकावर बसली. उपचारांनी व्रण भरला. गालावर खूण राहिली आहे, पण त्या वर्षी तिने वक्तृत्वात बक्षीस घेतले ते व्यासपीठावर सर्वांसमोर उभे राहून. रोगाला नेमके नाव असले की ते रोग्याला असा आधारही देते. नाव नसलेल्या रोगाची भीती वाटते, आणि ती भीती आपण नकळत माणसावर काढतो.

भारताने काला आजाराविरुद्ध मोठी मजल मारली आहे. २०२३ मध्ये देशातील सर्व बाधित गटविभागांत रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. हे शक्य झाले याचे एक कारण असे की आपल्याकडे या रोगाची साखळी मुख्यतः माणूस, माशी, माणूस अशीच आहे. रुग्ण बरा केला की साखळी तुटते. पण केरळातील अगस्त्यमलेच्या जंगलात राहणाऱ्या काणी आदिवासींमध्ये त्वचेचे व्रण आढळले, आणि तपासणीअंती ते प्लीहा पोखरणाऱ्या त्याच 'डोनोव्हानी'चे निघाले. तोच जीव, निराळे रूप. रान आणि वस्ती जिथे एकमेकांना खेटतात तिथे कोणता प्राणी कोणता परजीवी सांभाळून आहे, हे तपासत राहणे म्हणूनच थांबवून चालणार नाही. रुग्ण कमी झाले की निधी कमी होतो, लक्षही कमी होते. आणि परजीवी याच गाफीलपणाची वाट पाहत असतात.

पालकांनी घरी काय करावे, तेही थोडक्यात सांगते. भिंतींच्या भेगा बुजवा. घराजवळ ओला पालापाचोळा आणि शेण साचू देऊ नका. वाळूमाशी संध्याकाळनंतर आणि रात्री चावते, तेव्हा उघड्यावर झोपणाऱ्या मुलांना अंगभर कपडे घाला. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती शिरू शकते. बारीक विणीची किंवा औषध लावलेली जाळी वापरा. चेहऱ्यावर वा हातापायांवर न दुखणारा व्रण तीन-चार आठवडे भरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि गेल्या वर्षभरात कुठे कुठे राहिलात ते आवर्जून सांगा. चुना, तेजाब, डाग देणे असले उपाय मुलांच्या गालांवर करू नका. फाटकावरच्या कुत्र्यांचे लसीकरण करून घेऊ या. त्यांना दगड मारण्याने कोणताही रोग हटत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी पशुवैद्य, कोणी वनखात्यात, कोणी प्रयोगशाळेत. आज हा विषय या तिघा-चौघांनी एकत्र बसल्याशिवाय पुढे जात नाही. माणसांचा डॉक्टर व्रण पाहतो, पशुवैद्य उंट पाहतो, वनरक्षक बीळ पाहतो, आणि नाव ठरते प्रयोगशाळेत. तुमच्यापैकी काही जणांनी वर्षातून एकदा शाळेत यावे आणि आमच्या नववी-दहावीच्या मुलांना सूक्ष्मदर्शकापाशी उभे करावे, ही माझी हीरक महोत्सवी मागणी आहे. इमारतीसाठी आपण भरभरून दिलेत. आता तुमचा वेळ द्या.

जी भाषा तुम्ही इथे शिकलात त्याच भाषेत त्यांना हे समजावून सांगा. जनुक, परजीवी, आदिजीव, विकर हे शब्द मराठीत आहेत, आणि ते वापरले तरच टिकतील.